वीज गेल्यावरची वीज

नाशिकजवळ एकलहऱ्याला महानिर्मितीचं औष्णिक वीज केंद्र आहे. २१० मेगावॉटचे तीन संच. तिथलं टर्बाइन मिनिटाला ३,००० फेरे घेतं आणि वाफ तोडली म्हणून ते जागच्या जागी थांबत नाही. कित्येक टनांचा रोटर आपल्याच गतीने बराच वेळ फिरत राहतो आणि तो पूर्ण थांबेपर्यंत बेअरिंगांना तेल मिळायलाच हवं. वेग उतरला की हे काम विजेवरच्या पंपांकडे येतं. पण ग्रीड कोसळली आणि केंद्राची आतली वीजही गेली तर? त्यासाठी अशा केंद्रांत बॅटऱ्यांची स्वतंत्र खोली असते. दोन-दोन व्होल्टच्या शंभरावर सेल एकापुढे एक जोडून २२० व्होल्टचा डीसी पुरवठा तयार ठेवलेला असतो आणि त्यावर तेलाचा आणीबाणीचा पंप चालतो. वीज बनवणाऱ्यालाही साठवणीतली वीज लागते ती अशी.

हा पंप चाचणीचा वेळ सोडला तर आयुष्यभर उभाच असतो. रुग्णालयाचा जनरेटर, बँकेचा यूपीएस, सोसायटीच्या लिफ्टसाठी घेतलेला डिझेल जनरेटर म्हणजे डीजी, घरच्या माळ्याखालचा इन्व्हर्टर, सगळ्यांची गत तीच. चालतं यंत्र बिघडलं तर ते आवाज करतं, धूर टाकतं, काम अडवतं. चार माणसं धावत येतात. उभं यंत्र मात्र गुपचूप बिघडतं, आणि ते बिघडलंय हे नेमकं लाइट गेल्यावर कळतं.

गंमत अशी की वीजपुरवठा सुधारला तसा हा धोका वाढला. २००५ नंतरची काही वर्षं महाराष्ट्राने भारनियमनात काढली. तेव्हा दुकानांपुढे, दवाखान्यांमागे, सोसायट्यांच्या कोपऱ्यात डीजी रोजच्या रोज धडधडत असत. आवाजाला आणि धुराला सगळे वैतागलेले असत हे खरं. पण फिल्टर चोंदला, पट्टा सैल झाला की ऑपरेटरला नुसत्या आवाजावरून कळायचं. डिझेल टाकीत मुरायच्या आत संपायचं, बॅटरी रोज चार्ज व्हायची. आता शहरात हेच यंत्र महिन्याला तास-दोन तास चाललं तर चाललं. तालीम सोडलेल्या पैलवानासारखं ते दिसायला धिप्पाड राहतं, एवढंच.

नाशिकच्या अंबड किंवा सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यात डीजीचा सर्व्हिसवाला येतो तेव्हा तो काय करतो, हे एकदा शेजारी उभं राहून पाहावं. कॅनोपीचं दार उघडल्यावर तो आधी इंजिनाकडे वळतच नाही. त्याची नजर जाते पॅनेलवरच्या सिलेक्टर स्विचकडे. तो ‘ऑटो’वर आहे का? मागच्या खेपेला कुणीतरी दुरुस्तीसाठी ‘मॅन्युअल’वर किंवा ‘ऑफ’वर नेलेला स्विच तसाच राहून गेला, तर बाकी सगळं ठणठणीत असूनही संच सुरू होणार नाही. मग बॅटरी. टर्मिनलवर पांढरट-हिरवी पूड जमली असेल तर ती गरम पाण्याने धुऊन, घासून, वर पेट्रोलियम जेली. मग डिपस्टिक ओढून तेलाची पातळी आणि रंग. तेलाला दुधाळ झाक आली असेल तर त्यात पाणी शिरलंय. रेडिएटरमधलं कूलंट, होज दाबून पाहायचे, पट्ट्याचा ताण, एअर फिल्टर. डिझेलच्या टाकीखालचा ड्रेन उघडून थोडं डिझेल बाटलीत काढलं की तळाला पाण्याचा थर आहे का ते दिसतं. टाकी अर्धी रिकामी असेल तर वरच्या हवेतली आर्द्रता रात्री भिंतींवर जमून पाणी होते. त्या पाण्याच्या आणि डिझेलच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढतात आणि काळपट गिळगिळीत गाळ फिल्टरमध्ये जाऊन बसतो. साठवलेलं डिझेल सहा महिने ते वर्षभर बरं राहतं, पुढे त्याचा भरवसा नाही.

सर्व्हिसवाल्यांच्या भाषेत रोजच्या नजरेखालच्या तपासणीला ‘ए चेक’ म्हणतात. तेल आणि फिल्टर बदलण्याचा तो ‘बी चेक’. तो इंजिनाप्रमाणे अडीचशे-तीनशे ते पाचशे तासांनी, आणि तास भरले नाहीत तरी ठरलेली मुदत संपली की करायचा. हा दुसरा भाग मालकांच्या गळी उतरवणं सर्व्हिसवाल्यांना सगळ्यात जड जातं. ‘चाळीस तास तर चाललंय, तेल कशाला बदलायचं?’ हा प्रश्न ठरलेला. उत्तर असं की तेल तासांनी जसं खराब होतं तसं नुसतं पडून राहूनही होतं. त्यात ओल उतरते, आम्लपणा वाढतो.

दर सोमवारी सकाळी पाच मिनिटं सुरू करून बंद करणं म्हणजे डीजीची निगा, असा समज सगळीकडे आहे. तो अर्धवट आहे, काही वेळा घातकही. बिनलोड किंवा अगदी कमी लोडवर चाललेलं डिझेल इंजिन पुरेसं तापत नाही. डिझेल पूर्ण जळत नाही. न जळलेलं इंधन आणि काजळी एक्झॉस्टमध्ये जमते, सायलेन्सरच्या जोडातून काळं तेलकट पाणी गळायला लागतं. इंजिनाच्या क्षमतेच्या ३० टक्क्यांखाली बराच काळ चालवू नये, असा सर्वमान्य दंडक आहे. अमेरिकेत आणीबाणीच्या जनित्रांसाठीचं प्रमाणक तर महिन्यातून एकदा किमान ३० मिनिटं, किमान ३० टक्के लोडवर चालवून बघा, असंच सांगतं. आपल्याकडे अडचण अशी होते की खरेदीच्या वेळी ‘असू दे जरा मोठा’ म्हणून गरजेच्या दुप्पट-तिप्पट केव्हीएचा संच घेतलेला असतो. सोसायटीची एक लिफ्ट आणि जिन्यातले दिवे त्याला आयुष्यात कधी घामच फोडत नाहीत. मग भाड्याने लोड बँक आणून, म्हणजे मोठ्या हीटरांवर सगळी वीज जाळून, इंजिन खऱ्या लोडवर तापवावं लागतं. पैसे धुरात घालवल्यासारखं वाटतं. एका लिटर डिझेलला सव्वातीन-साडेतीन युनिटं निघतात, त्यामुळे वाटणारच.

डीजी सुरू न होण्याचं नेहमीचं कारण शोधायला इंजिन उघडावं लागत नाही. ते बाहेरच असतं: सेल्फ मारणारी बॅटरी. आणि यूपीएसमध्ये तर सारा खेळच बॅटरीचा. बॅटरीचं आयुष्य २५ ते २७ अंश सेल्सिअस धरून सांगितलेलं असतं; त्यावर साधारण दहा अंश वाढले की लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य निम्मं होतं. नाशिकची हवा थंड म्हणून नावाजलेली, पण एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी गाठतो. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत यूपीएस ठेवणाऱ्याने पाच वर्षांच्या बॅटरीला अडीच-तीन वर्षांचीच धरावं.

शिवाय बॅटरी खोटं बोलते. चार्जर लागलेला असताना १२ व्होल्टच्या बॅटरीवर मीटर लावला की साडेतेरा व्होल्ट दिसतात आणि मालक खूश होतो. हा आकडा चार्जरचा असतो, बॅटरीच्या ताकदीचा नव्हे. आत प्लेटींवर शिशाच्या सल्फेटचे खडे धरले असतील, तर लोड पडताच तोच आकडा काही मिनिटांत घसरतो. त्यातून मोठ्या यूपीएसमध्ये वीस-तीस बॅटऱ्या एका माळेत असतात. एक मेली की माळ तुटली. म्हणून खरी परीक्षा एकच, लोड देऊन बॅटरी उतरवून बघणं. क्षमता ८० टक्क्यांच्या खाली गेली की ती बदलायची, मग ती वरून कितीही चकचकीत असो. ‘मेंटेनन्स फ्री’ या नावाने तर फार नुकसान केलंय. त्यात पाणी घालावं लागत नाही, एवढाच त्याचा अर्थ. बघावं लागत नाही, असा नव्हे.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि परिसराची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. कोविडचे दिवस, रुग्णालयं जनरेटरवर गेली. बहुतेक ठिकाणी सगळं निभावलं, पण मुलुंडमधल्या एका खासगी रुग्णालयात संध्याकाळी जनरेटरलाच आग लागली आणि चाळीसच्या आसपास रुग्ण दुसरीकडे हलवावे लागले. दहा मिनिटं चालणं आणि दहा तास चालणं यांत फरक आहे, हे चाचणीच्या पाच मिनिटांत कधीच दिसत नाही. रेडिएटर अर्धा चोंदला असेल, गरम हवा बाहेर पडायला जागा नसेल, तर यंत्र पहिला तास निभावून नेतं आणि नंतर तापत जातं.

नाशिककरांच्या आठवणीत दुसरी तारीख आहे, २१ एप्रिल २०२१. महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठा तुटला आणि किमान २२ रुग्ण दगावले. ते संकट विजेचं नव्हतं. प्रश्न मात्र तोच होता: मुख्य पुरवठा गेल्यावर दुसरा किती वेळात उभा राहतो, आणि तो उभा राहतो हे कुणी शेवटचं कधी तपासलं? विजेच्या बाबतीत हा वेळ सेकंदांत मोजतात. चांगला डीजी दहा सेकंदांच्या आसपास लोड घेतो. शस्त्रक्रियेच्या टेबलावरच्या दिव्याला तेवढाही वेळ नसतो. आंतरराष्ट्रीय मानक तिथे अर्ध्या सेकंदाची मुदत देतं. म्हणून मधली दरी यूपीएसने भरायची. यूपीएस, पुरवठा वळवणारा चेंजओव्हर, डीजी ही एकच साखळी आहे, आणि तिघांचे सर्व्हिसवाले बहुधा तीन वेगळे असतात. तिघेही आपापलं यंत्र ‘ओके’ लिहून जातात. तिघांनी मिळून मेन स्विच पाडून बघितला, असं फार कमी ठिकाणी घडतं.

जिल्ह्यात सेकंदांची नव्हे, पण तासांची घाई असते ती द्राक्षांना. जानेवारी ते एप्रिल निर्यातीचा हंगाम. निफाड, दिंडोरीच्या बागेतून आलेला माल प्रीकूलिंगच्या खोलीत घालून काही तासांत चार अंशांच्या खाली आणायचा, मग शून्य ते एक अंशावर शीतगृहात ठेवायचा आणि रीफर कंटेनरमधून न्हावाशेव्याला पाठवायचा. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारख्या मोठ्या संस्थांपासून गावच्या पॅकहाउसपर्यंत सगळ्यांचा जीव या थंडीत अडकलेला. शीतगृहाच्या जाड भिंती थोडा वेळ थंडी धरून ठेवतात. ताज्या, कोमट मालाने भरलेली प्रीकूलिंगची खोली नाही धरत. इथे डीजीपुढे वेगळीच अडचण असते. कॉम्प्रेसरची मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. तीन कॉम्प्रेसर एकदम उठले की संच हबकतो आणि ट्रिप होतो. म्हणून ते टप्प्याटप्प्याने उठवायचे, आणि ही क्रमवारी हंगामाआधी डिसेंबरमध्येच तपासायची. वायनरीचाही हंगाम नेमका हाच. पांढऱ्या वाइनची आंबवणी थंड ठेवावी लागते आणि आंबताना रस स्वतःच उष्णता सोडत असतो.

आता रात्री दोन वाजता पॅकहाउसचा डीजी उठला की नाही, हे मालकाला कॉलेज रोडवरच्या घरात कळू शकतं. ही दूरची देखरेख आपल्याकडे रुळवण्यात मोबाइल टॉवरांचा वाटा मोठा. देशभर माळरानांवर, डोंगरांवर उभे टॉवर, प्रत्येकाखाली डीजी आणि टाकीत डिझेल. माणूस ठेवणं परवडत नाही, आणि न ठेवावा तर डिझेलला पाय फुटतात. टाकीत पातळीचा सेन्सर, कंट्रोलरला सिमकार्डाचा डबा आणि दूर एका खोलीत पडदे लावून बसलेली माणसं, अशी रचना तिथे उभी राहिली. इंजिन बंद असताना पातळी उतरली म्हणजे चोरी, इतका तो हिशोब सरळ होता. आज तोच डबा कारखान्यात, इस्पितळात, सोसायटीत बसतो.

तो काय पाहतो? बॅटरीचा व्होल्टेज, डिझेल, तेलाचा दाब, कूलंटचं तापमान, चाललेले तास, दिलेली युनिटं. पण हुशारीने वापरला तर त्याहून जास्त सांगतो. सेल्फ मारताना बॅटरीचा व्होल्टेज क्षणभर किती खाली जातो, याची नोंद दर खेपेला ठेवली तर महिनोन् महिने ती रेघ उतरत जाताना दिसते. बॅटरी मरण्याआधी काही आठवडे बोलते. आणि सगळ्यात स्वस्त, सगळ्यात उपयोगी संदेश तो साधा: ‘सिलेक्टर ऑटोवर नाही.’ एवढ्या एका ओळीसाठी डबा बसवला तरी पैसे वसूल.

जे त्याला दिसत नाही तेही ध्यानात ठेवायला हवं. फुगलेला होज, कॅनोपीत उंदराने कुरतडलेली वायर, टाकीच्या तळचा गाळ, रेडिएटरपुढे कुणीतरी रचून ठेवलेले पुठ्ठ्याचे खोके, यांना सेन्सर नाही. दुसरं म्हणजे संदेशांचा पूर. दिवसाला चाळीस बीप येऊ लागले की माणूस ग्रुप म्यूट करतो आणि एकेचाळिसावा खरा असतो. तिसरं, इंटरनेटला जोडलेलं यंत्र इतरांनाही दिसतं. मार्च २०२२ मध्ये अमेरिकी सरकारने उघड इशारा दिला होता की इंटरनेटला जोडलेल्या यूपीएसमध्ये लोक कंपनीने घालून दिलेलेच पासवर्ड ठेवतात आणि घुसखोर तिथून शिरतात. आपल्याकडचे किती पासवर्ड अजून ‘ॲडमिन’ असतील, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

यंत्र कुठे ठेवलंय, हा प्रश्न सर्व्हिसच्या यादीत सहसा नसतो. गोदाकाठच्या शहरात तो असायला हवा. २००८, २०१६, २०१९. दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं यावर नाशिककर पूर मोजतात, आणि तरीही बेसमेंट रिकामंच आहे म्हणून पॅनेल आणि बॅटऱ्या तिथे बसवतात. ११ मार्च २०११ ला फुकुशिमात भूकंपानंतर डिझेल जनित्रं बिनबोभाट सुरू झाली होती. त्सुनामीच्या पाण्याने ती बुडवली. वेगळ्या इमारतीत, जरा उंचावर असलेलं, हवेने थंड होणारं एक जनित्र तेवढं तगलं आणि त्याच्या जोरावर ५ आणि ६ क्रमांकाच्या अणुभट्ट्या वाचल्या. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात न्यू यॉर्कला सँडी वादळात बेलव्ह्यू रुग्णालयाचे जनरेटर तेराव्या मजल्यावर सुखरूप होते, पण डिझेल वर चढवणारे पंप तळघरात बुडाले. कर्मचारी आणि सैनिक रांग लावून जिन्याने हातोहात डिझेल वर नेत होते.

निगा राखणारा हातही चुकतो. २७ मे २०१७ ला ब्रिटिश एअरवेजच्या हीथ्रोजवळच्या डेटा सेंटरमध्ये वीज तोडली गेली आणि ती सावरून, क्रमाने न देता एकदम परत जोडली गेली. संगणक जळाले, सुमारे ७५ हजार प्रवासी अडकले. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरमध्ये यूपीएसच्या लिथियम बॅटऱ्या हलवण्याचं काम चालू असताना आग लागली आणि ७०९ सरकारी प्रणाली बंद पडल्या. लेड-ॲसिडच्या जागी लिथियम आणताना पाणी घालण्याची कटकट जाते, आगीची नवी काळजी येते.

इकडे डीजीचं यंत्रही बदललं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे चौथ्या टप्प्याचे धुराचे नियम जुलै २०२३ पासून लागू झाले आणि नव्या संचांत इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन, संगणक, मोठ्या क्षमतेत युरियाचं द्रावणही आलं. पाना-पक्कड घेऊन येणाऱ्या ओळखीच्या मेकॅनिकला लॅपटॉप लागू लागला. म्हणून वार्षिक देखभाल कराराचा, म्हणजे एएमसीचा, कागद नीट वाचायला हवा. वर्षाला किती फेऱ्या, हे त्यात ठळक असतं. लोडवर चाचणी कोण घेणार, बॅटरी आणि होज त्यात धरलेत का, अलार्म आल्यावर किती वेळात माणूस येणार आणि त्याच्या गाडीत सुटे भाग असणार का, हे बारीक अक्षरात असतं किंवा नसतंच. सगळ्यात स्वस्त निविदा घेतलेल्या सोसायटीला फेरीगणिक मिळतो तो सही-शिक्क्याचा कागद.

पुढचा मोठा कस सिंहस्थाचा. २०१५ सारखंच २०२७ लाही मुख्य स्नानं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, ऐन पावसात आहेत. साधुग्राम, घाट, तात्पुरते दवाखाने, पाण्याचे पंप, नियंत्रण कक्ष, कॅमेरे. या सगळ्यांमागे ट्रकवरून आलेले भाड्याचे संच असतील. भाड्याचा संच कुणाचाच नसतो. त्याचे आधीचे तास, तेल कधी बदललं, बॅटरी किती जुनी, हे घेणाऱ्याला ठाऊक नसतं. चिखलात अर्थिंगची पट्टी नीट पुरलेली आहे का, केबलचे जोड पाण्यात तर नाहीत, हे तिथे जाऊनच पाहावं लागतं. निविदेत किती केव्हीए आणि किती दिवस हे लिहिलं जाईलच. त्याच कागदावर आणखी तीन गोष्टी घालायला फारसा खर्च नाही: संच जागेवर आल्यावर चार तास खऱ्या लोडवर चालवून दाखवायचा, प्रत्येकाला दूरच्या देखरेखीचा डबा असायला हवा, आणि पर्वणीच्या आदल्या रात्री पडद्यापुढे बसलेल्या माणसाच्या हाताशी दुचाकीवर निघायला तयार असा फिटर, गर्दीतून वाट मिळेल असा पास आणि डिकीत एक चार्ज केलेली बॅटरी असायला हवी.